रंग नवा, वायर जुनी!

पावसाळ्यातला कुठलाही शनिवार घ्या. एक्स्प्रेस-वेवर लोणावळ्याच्या एक्झिटला गाड्यांची ही भलीमोठी रांग. आणि गाडीतला कुणीतरी एक जण हमखास म्हणणार, "यार, इथे एक छोटंसं जुनं घर घेऊन टाकायला पाहिजे!" दगडी भिंती, वर कौलं, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात झोपाळा. भज्यांची प्लेट संपेपर्यंत ईएमआयचा हिशेबही झालेला असतो.

या स्वप्नाला दुसरी बाजूही आहे. ते घर कुणीतरी विकत असतं. आपली पिढी सध्या दोन्हीकडे आहे. निम्मे जण वीकएण्ड होमच्या शोधात, आणि उरलेल्या निम्म्यांच्या घरी तळेगाव, कामशेत, मळवली नाहीतर लोणावळ्यातलं आजोबांचं घर विकायची चर्चा. गच्चीतून गळतं का ते दोघंही बघतात. सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, एनए ऑर्डर, सगळ्याच्या झेरॉक्स निघतात. विहिरीला मेमध्ये पाणी असतं का, हेसुद्धा विचारून होतं. फक्त एक प्रश्न कुणीच विचारत नाही. भिंतीतल्या वायरी किती सालच्या आहेत?

आजचा कॉलम त्या प्रश्नावर. बोअर वाटतोय ना? थांबा. यात लाख-दोन लाख रुपये आहेत आणि एखाद्याचा जीवही.

वीज इथलीच, पण...

मावळचं आणि विजेचं नातं जुनं आहे. १९११ मध्ये लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी झाली. वळवण, लोणावळा आणि शिरोता इथे पाणी अडवून ते घाटाखाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ मध्ये तिथे तयार झालेल्या विजेवर मुंबईच्या कापड गिरण्या फिरू लागल्या. पुढे १९२२ मध्ये ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचं वीजकेंद्रही आलं. म्हणजे ज्या तळ्यांच्या काठी आपण सेल्फी काढतो, ती तळी शंभर वर्षं ड्यूटीवर आहेत!

तालुक्याची ही थोरवी घराच्या बोर्डावर मात्र दिसत नाही. जुन्या घरांमध्ये एक अख्खं म्युझियम असतं. सगळ्यात जुनं म्हणजे लाकडी केसिंग-कॅपिंग, नाहीतर सागवानी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेली रबराची वायर. हे रबर वय झालं की कडक होतं आणि हात लावला की भुगा पडतो. मग साठ-सत्तरच्या दशकापासूनची अॅल्युमिनियमची वायर. तांब्यापेक्षा स्वस्त म्हणून ती घरोघरी गेली. अॅल्युमिनियमचा प्रॉब्लेम असा, की स्क्रूखाली ते हळूहळू दबतं, सैल होतं, वर ऑक्साइडचा थर येतो आणि जॉइंट तापायला लागतो. त्यालाच कुणी तांब्याची वायर पिळून जोडली असेल आणि हवेत लोणावळ्याचा दमटपणा असेल, तर विचारायलाच नको.

त्यावर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. फ्यूज उडाला की त्यात जाड तार घालून "आता नाही उडणार" म्हणणारे एक काका प्रत्येक गल्लीत होऊन गेले. बरोबर आहे, फ्यूज उडत नाही. मग त्याच्याऐवजी भिंतीतली वायर तापते.

आणि शेवटची गंमत म्हणजे तीन भोकांचा सॉकेट. वरचं मोठं भोक अर्थिंगचं. ते दिसतं, पण उघडून बघितलं तर कित्येकदा त्याच्या मागे वायरच नसते!

बल्ब, पंखा आणि एसी

या घरांना दोष देण्यात अर्थ नाही. ती त्यांच्या काळाच्या हिशेबाने बरोबर होती. साठच्या दशकातलं चार खोल्यांचं घर घ्या. साठ वॉटचे आठ बल्ब, पंचाहत्तर वॉटचे पाच पंखे, एक रेडिओ. सगळं एकदम चालू केलं तरी एक किलोवॅट भरत नाही. म्हणजे चार अँपिअरच्या आसपास.

आता तुमचं वीकएण्ड होम बघा. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट, गीझर दोन, इंडक्शन दोन. झाले साडेपाच किलोवॅट, म्हणजे चोवीस अँपिअर. फ्रिज, वॉशिंग मशिन, मायक्रोवेव्ह अजून बाकी आहेत. त्यात हल्ली घर बघायला येणारे इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरचा पॉइंट कुठे निघेल ते विचारतात. घरचा साधा चार्जर म्हटला तरी तीन किलोवॅटच्या वर. बल्ब आणि पंख्यांसाठी टाकलेल्या वायरीवर हा सगळा भार टाकायचा, म्हणजे आजोबांच्या लुनावर पाच जणांनी बसून घाट चढण्यासारखं आहे.

वर आपला पाऊस! पुण्यात वर्षाला साधारण साडेसातशे मिलिमीटर पडतो. लोणावळ्यात चार हजारांच्या पुढे. जून ते सप्टेंबर भिंती ओल्या असतात आणि ओल्या भिंतीत जुनी वायर म्हणजे करंट लीक व्हायचा राजमार्ग. डिसेंबरात घर बघायला येणाऱ्याला हे कळत नाही. तेव्हा सगळं कसं कोरडं, ठणठणीत!

मामा म्हणाला, रंग मारून टाकू

हे सगळं मला कळलं ते आमच्याच घराच्या निमित्ताने. आजोबा रेल्वेत होते. त्यांनी १९६६ मध्ये लोणावळ्यात बांधलेलं घर आई, मावशी आणि मामा, तिघांच्या नावावर आलं. आजी गेल्यावर तिथे कायम राहणारं कुणी उरलं नाही. विकायचं ठरलं. गिऱ्हाईकही चांगलं मिळालं. हिंजवडीत नोकरी करणारं जोडपं, दोन वर्षांची मुलगी, तिघंही दर वीकएण्डला येऊन राहणार. घर पाडायचा विचार नाही. उलट व्हरांडा बघून ती दोघं प्रेमातच पडली होती.

मामाचा फंडा सिंपल होता. "दोन खोल्यांना रंग मारून टाकू, बटणं नवीन बसवू. गिऱ्हाईक खूश!"

मावशी ऐकेना. "अरे, न्हाणीघरातल्या नळाला पावसाळ्यात झिणझिण्या येतात. आई स्लीपर घालून आंघोळ करायची, विसरलास?"

मामा विसरला नव्हता. आमच्यापैकी कुणीच विसरलं नव्हतं. लहानपणी आम्हा भावंडांना तो नळ म्हणजे चक्क एक गेम वाटायचा, कोण किती वेळ हात लावून उभं राहतं त्याचा. आता आठवलं की पोटात गोळा येतो.

मग वायरमनकाका आले. त्यांनी मेन बंद केला, सगळे प्लग काढले आणि मेगर लावला. मेगर म्हणजे वायरीवरचं आवरण किती शाबूत आहे ते मोजायचं यंत्र. ५०० व्होल्टवर निदान एक मेगओहम रीडिंग यायला हवं, हा नियम आहे. आमच्या पुढच्या दोन खोल्या पास. स्वयंपाकघर काठावर. न्हाणीघराची लाइन ०.३! अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते कुणालाच सांगता येईना.

"ताई, ह्याला रिपेअर म्हणत नाहीत," काका म्हणाले. "हे सगळं काढूनच टाकायला पाहिजे."

एस्टिमेटचा कागद

काकांनी दिलेलं एस्टिमेट इथे जसंच्या तसं देते. तुमच्या घराचे आकडे वेगळे येतील, तांब्याचा भाव बदलला की आठवड्यात रेट बदलतो. पण कशाकशाचे पैसे लागतात ते यातून कळेल.

दिवे, पंखे आणि साध्या सॉकेटचे मिळून ५२ पॉइंट, मालासकट १,३०० रुपयांनी ६७,६०० रुपये. एसी आणि गीझरच्या चार स्वतंत्र जाड लाइनी, प्रत्येकी ४,५०० प्रमाणे १८,०००. नवा डिस्ट्रिब्युशन बोर्ड, एमसीबी आणि आरसीसीबी मिळून १४,४००. अर्थिंगचे दोन खड्डे १६,०००. मीटरपासून बोर्डापर्यंतची मेन केबल ९,०००. टोटल सव्वा लाख.

मामाने सुस्कारा सोडला. "एवढंच ना?"

एवढंच नव्हतं! वायर भिंतीत घालायची तर झिऱ्या पाडाव्या लागतात. विटांची भिंत असेल तर मशिनने सरळ झिरी पडते. मावळातल्या जुन्या घरांच्या भिंती काळ्या दगडाच्या. त्यात झिरी पडत नाही, दगड निखळतो. झिऱ्या पाडल्याच तर मग प्लास्टर, पुट्टी, रंग. गवंडी आणि रंगारी मिळून आणखी ८५,०००. म्हणजे सगळं धरून २ लाख १० हजार.

रीवायरिंगच्या खर्चातली खरी मेख ही आहे, मंडळी. वायरमनचं बिल अर्धीच गोष्ट सांगतं, उरलेली गोष्ट गवंड्याच्या खिशात असते. म्हणून दगडी घरात पाइप भिंतीवरूनच नेतात. कन्सील्डच्या जमान्यात ते जरा ओल्ड फॅशन्ड दिसतं, पण भिंत वाचते, खर्च वाचतो आणि उद्या कुठली वायर कुठे गेलीय ते डोळ्यांना दिसतं. हल्लीचे कॅफे तर मुद्दाम तसे पाइप दाखवतात आणि त्याला इंडस्ट्रियल लुक म्हणतात!

एक सवाल तुमच्या डोक्यात आला असेल, तो माझ्याही आला होता. फक्त आरसीसीबी बसवून भागणार नाही का? ही छोटी पेटी म्हणजे भन्नाट चीज आहे. जाणारा आणि परत येणारा करंट ती सारखा तोलत बसते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे करंट कुठेतरी (कदाचित तुमच्या अंगातून) जमिनीत चाललाय असं दिसलं, की क्षणार्धात वीज तोडते. अर्थिंग नसलं तरी ती काम करते. पण गळक्या जुन्या वायरिंगवर ती बसवली तर पावसाळ्यात दर तासाला ट्रिप होणार. मग कंटाळून कुणीतरी तीच बायपास करून टाकणार. ती बसवायची, पण खालची लाइन ठीक करून.

सांगायचं की नाही?

आता खरा पेच. खर्च करायचा, की गप्प बसायचं?

आपल्याकडे घर विकताना वायरिंगचं सर्टिफिकेट द्यायची सक्ती नाही. फ्रान्समध्ये २००९ पासून आहे. वायरिंग पंधरा वर्षांहून जुनं असेल तर तपासणीचा रिपोर्ट खरेदीदाराच्या हातात द्यावाच लागतो. इंग्लंडमध्ये २०२० पासून भाड्याने दिलेल्या घरांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी होते. आपल्याकडे घर विकणाऱ्याला असा कुठलाच कागद कुणी मागत नाही.

पण म्हणून गप्प बसायची मुभा आहे, असं समजू नका. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे, म्हणजे लोणावळ्याच्या विजेपेक्षाही जुना. त्याचं ५५ वं कलम सांगतं, की मालमत्तेतला मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसण्यासारखा नसेल, तर तो सांगणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. फुटलेलं कौल घेणाऱ्याला दिसतं. भिंतीतली वायर दिसत नाही. आणि नळाला येणाऱ्या झिणझिण्या आम्हाला चांगल्याच माहीत होत्या.

कायदा बाजूला ठेवू. त्या न्हाणीघरात उद्या दोन वर्षांची पोरगी आंघोळ करणार होती. मावशीने हे एकच वाक्य बोलून दाखवलं आणि मामाने रंगाचं कॅटलॉग मिटवलं.

आम्ही सांगितलं. मेगरचं रीडिंग, एस्टिमेट, सगळं टेबलावर ठेवलं. दोन मिनिटं शांतता. टेन्शन! मग तो मुलगा म्हणाला, "काका, आधी आमच्या मनात वायरिंगपोटी चार लाख कमी करून मागायचं होतं. आमच्या एका मित्राने अंदाज सांगितला होता."

बघा हं. कागद नसता तर अंदाजाने चार लाख गेले असते. कागद होता म्हणून बोलणी २ लाख १० हजारांपासून सुरू झाली. पुढे त्यांनीच सांगितलं, की इंटिरिअर त्यांच्या पद्धतीने करायचंय, पॉइंटच्या जागा बदलणार, रंगही त्यांचाच. मग आम्ही ५२ पॉइंट कशाला करायचे? शेवटी ठरलं ते असं. जे जिवाशी खेळतं ते आम्ही ताबा देण्याआधी करायचं. बोर्ड, आरसीसीबी, अर्थिंग आणि मेन केबल मिळून ३९,४००, त्यात न्हाणीघर-स्वयंपाकघराच्या नव्या लाइनी भिंतीवरच्या पाइपातून १२,६००. एकूण ५२,०००. बाकीच्यासाठी किमतीत ७० हजार कमी. म्हणजे १ लाख २२ हजार. तिघांत वाटले तर प्रत्येकी चाळीस हजारांच्या जरा वर. आणि जुन्या वायरिंगची अवस्था करारात लिहून टाकली. उद्या कुणाचा फोन नको.

तुमच्या घरी विषय निघाला तर

सगळ्यात आधी विचारा, घेणारा घराचं काय करणार? लोणावळ्यातली बरीच जुनी घरं जागेसाठी घेतली जातात. घर पाडून तिथे व्हिला उभा राहणार असेल, तर रीवायरिंगवर खर्च केलेला पैसा बुलडोझरखाली जाणार. तिथे एक रुपयाही घालू नका. फक्त खरं काय ते सांगा.

तो राहणार असेल किंवा पाहुण्यांना भाड्याने देणार असेल, तर मेगर टेस्ट आणि दोन-तीन लेखी एस्टिमेट आधी घ्या. टेस्ट शक्यतो पावसाळ्यातच करा, खरं रूप तेव्हाच दिसतं. काम परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या. नियमाने ते त्यांनीच करायचं असतं. लोड वाढवायला महावितरणकडे अर्ज कराल तेव्हाही त्यांचा टेस्ट रिपोर्ट लागतो.

वायर तांब्याची आणि आयएसआय मार्कचीच. दिव्यांना दीड स्क्वेअर एमएम, सोळा अँपिअरच्या सॉकेटला अडीच, एसी-गीझरला चार, हा साधारण हिशेब लक्षात ठेवा. पॉइंटचा रेट ठरवताना त्यात वायर, पाइप, बटण काय काय धरलंय ते कागदावर घ्या. नाहीतर "बटण वेगळं, प्लेट वेगळी" सुरू होतं!

बिल पक्कं घ्या. विक्रीच्या नफ्यावर कॅपिटल गेन्स टॅक्स लागतो. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला भारतात राहणाऱ्या व्यक्तीसाठी साडेबारा टक्के किंवा इंडेक्सेशन धरून वीस टक्के, यातला ज्यात कर कमी तो लागू होतो. घरात केलेली सुधारणा नफ्यातून वजा होऊ शकते, साधी डागडुजी होत नाही. रीवायरिंग यातल्या कशात बसतं यावर वाद होऊ शकतो, म्हणून सीएला आधी विचारा. थेट किंमतच कमी केली तर हा वाद येत नाही.

आणि वीजबिल कुणाच्या नावावर आहे ते बघा. आमचं बिल विक्री ठरेपर्यंत आजोबांच्याच नावाने येत होतं. जुनी थकबाकी नव्या मालकाच्या माथी मारता येते, हे सुप्रीम कोर्टाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा घेणाऱ्याने शेवटचं भरलेलं बिल मागावं आणि विकणाऱ्याने न मागता द्यावं.

घेणाऱ्यांसाठी एक फुकटचा फंडा. घर बघायला गेलात की व्ह्यू बघून झाल्यावर मेन बोर्डाचं झाकण उघडून फोटो काढा. चिनी मातीचे फ्यूज दिसले, काळी पडलेली टोकं दिसली किंवा जळकट वास आला, तर व्हरांड्याच्या प्रेमात पडण्याआधी वायरमनला फोन लावा. त्याच्या एका व्हिजिटचे पैसे तुमच्या लोणावळ्याच्या एका वीकएण्डपेक्षा कमीच होतील.